उघड्या पाठीचा हेडफोन

एकाहत्तराव्या वर्षी माणसाला नोटीस यायचीच असेल तर ती काहीतरी भारदस्त कारणासाठी यावी, अशी माझी अपेक्षा होती. मला आली ती ध्वनिगळतीची. 'सदनिका क्रमांक सात येथील रहिवासी श्री. दिगंबर खटावकर यांच्या कानांतून आवाज गळत असल्याचे निदर्शनास आले आहे.' मी आरशात जाऊन पाहिलं. कान कोरडे होते.

गोष्ट मिरजेची आहे, आणि फार जुनी नाही. दोन हजार एकेचाळीस साली आमची नऊ बिऱ्हाडांची सोसायटी 'शांत संस्था' झाली. सोसायटीचं नाव 'निनाद'. शांतता मंडळाची योजनाच तशी होती. टीव्ही, रेडिओ, फोन, जे काही यंत्रातून वाजतं ते ऐकणाऱ्याच्या कानाबाहेर येता कामा नये. जिन्यात, गच्चीत, पार्किंगमध्ये मंडळानं आवाज मोजणारे दिवे बसवले. हिरवा म्हणजे शांत, लाल म्हणजे गळती. बक्षीस म्हणून दारावर पितळी रंगाची मोठी पाटी आणि नळाला रोज एक तास जादा पाणी. पाटीसाठी कुणी तोंड उघडलं नसतं. पाण्यासाठी सगळ्यांनी ते बंद केलं.

कानात घालायचं जे यंत्र मिळालं त्याला कंपनीनं 'मौनी' असं नाव दिलं होतं. लोकांनी त्याला पहिल्या दिवसापासून बोळे म्हणायला सुरुवात केली.

मला ते आवडले, हे कबूल करतो. मी एकतीस वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. माइकवरून जत गाडी फलाट चारला लागली आहे असं तीनदा सांगायचं, आणि मग माणसानं खिडकीत तोंड घालून विचारायचं, साहेब, जत गाडी कुठं लागते. अशा आयुष्यानंतर शांतता फुकट मिळाली तर कोण सोडेल?

बोळ्यांचं शास्त्र मला बायकोनं समजावलं. शैलजा शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं टेबलावर बोटानं रेघ काढली, वर-खाली, वर-खाली. म्हणाली, आवाज म्हणजे हवेतली लाट. बोळ्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक आहे, तो लाट येताना ऐकतो आणि आत तेवढ्याच मापाचा खड्डा खणतो. लाट खड्ड्यात पडते, जमीन सपाट. हे सेकंदात हजारो वेळा चालतं. एवढं जुनंच आहे, तिनं सांगितलं. नवीन काय, तर कुठली लाट पाडायची आणि कुठली सोडायची हे आता यंत्र ठरवतं.

सोडायच्या लाटांची यादी होती. रुग्णवाहिका. आगीचा भोंगा. कुकरची शिट्टी, कारण मंडळातल्या अधिकाऱ्यांनाही जेवायला लागतं. आणि ओळखपत्रावरचं तुमचं नाव. कुणी नाव घेतलं की ज्या दिशेनं ते आलं तेवढ्याच दिशेला वीस सेकंदांची खिडकी उघडायची, मग बोलणं ऐका, उत्तर द्या, खिडकी बंद. शिट्टीचंही तसंच. शिट्टीनंतर त्याच बाजूनं कुणीतरी 'गॅस बंद करा' म्हणतंच, याचा कंपनीनं अभ्यास केला होता.

यंत्र बसवायला प्रांजल नावाची मुलगी आली. तिनं माझ्या कानांचं माप घेतलं, नाव भरलं आणि शैलजाला म्हणाली, काकू, चाचणीसाठी एकदा काकांचं नाव घ्या.

शैलजा भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली.

मी सांगितलं की आमच्याकडं 'अहो' म्हणतात, तेवढं यादीत घाला. प्रांजलनं मान हलवली. हे तिला रोज सांगावं लागत असावं. 'अहो' आधी यादीत होतं. मग एका गावात एका बाईंनी हाक मारली आणि जिन्यात चौदा नवरे आले. तेव्हापासून 'अहो' गोंगाटात जमा. 'अगं'सुद्धा. आई, बाबा, आजी, आजोबा, सगळं गोंगाटात.

"मग फक्त हिचा 'अहो' सोडा. आवाज ओळखत नाही का यंत्र?"

"ओळखतं ना काका. पण आवाजाचा ठसा उमटायला कमीत कमी तीन अक्षरं लागतात. 'अहो'त दोन. त्यातलं पहिलं काकू गिळतात."

हे खरं होतं. आमच्या घरात गेली चव्वेचाळीस वर्षं 'हो' एवढंच ऐकू येत होतं.

प्रांजल हुशार पोरगी. म्हणाली, मग काकू, उखाण्यात घ्या, यंत्राला फरक पडत नाही.

"मला पडतो," शैलजा म्हणाली. "उखाणा चार माणसं ऐकायला बसलेली असतात म्हणून घ्यायचा असतो. ह्यांना चहाला बोलवायला रोज यमक जुळवू?"

प्रांजलनं चाचणीच्या रकान्यात 'घेतली नाही' असं लिहिलं आणि गेली. तिला वाटलं असेल, एकदा गरज पडली की घेतील. सगळ्याच घरांत तसं झालं होतं. सचिव मुळेबाई पहिल्या आठवड्यातच नवऱ्याला 'अविनाश' म्हणायला लागल्या, आणि पुढं पुढं तर काही काम नसतानाही म्हणायच्या. तीन नंबरच्या माळ्यांची सहा वर्षांची नात आजोबांना नावानं हाक मारू लागली. 'दत्तात्रय, माझी चप्पल कुठाय?' जिन्यात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. वर्षभरात सगळ्या सोसायटीतून काका, मामी, आत्या गेले आणि ओळखपत्रावरची माणसं उरली. ज्यांना तेही जमेना ते शेजारच्या खोलीत फोनवर मजकूर पाठवत.

शैलजानं बोळे घेतलेच नाहीत. तिला काही ऐकायचं नसतं, त्यामुळं नियम तिला लागू नव्हता. माझ्याशी काही बोलायचं असेल तर समोर येऊन उभी राहायची, मग मी बोळे काढायचो. मला वाटलं, ठीक चाललंय.

मार्चमधल्या एका गुरुवारी ते ठीक चाललं नव्हतं.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हा माझा ऐकण्याचा वेळ. माझ्या वडिलांनी दर्ग्याच्या उरुसातल्या मैफली टेपवर घेऊन ठेवल्या आहेत, त्या मी ऐकतो. बोळे त्या इतक्या स्वच्छ करून देत की एकही खोकला राहत नसे. मी स्वयंपाकघराकडं पाठ करून बसलो होतो. पश्चिमेला आमच्या मागं, योजनेच्या हद्दीबाहेर, दत्ताचं देऊळ आहे, तिथं गुरुवारी गजर असतो, आणि दत्ताच्या गजरात माझं नाव किती वेळा येतं हे मी सांगायला नको. यंत्राच्या मते देवळातली सगळी मंडळी मलाच हाक मारत होती. पश्चिमेची खिडकी उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. मला गंमत वाटत होती.

पूर्वेला, माझ्यापासून बारा फुटांवर, शैलजा हळदीचा डबा काढायला स्टुलावर चढली होती. स्टुलाचा पाय सरकला.

सव्वासहाला चहा का नाही आला हे बघायला मी उठलो. ती फरशीवर ओट्याला टेकून बसली होती. घोटा सुजून पिवळा पडला होता, की ती सांडलेली हळद होती, मला कळेना. फोन ओट्यावर होता, तिच्या हातापासून दीड फूट वर. ती रडत नव्हती.

"एकशे बारा वेळा हाक मारली," ती म्हणाली. "मोजत होते. दुसरं काही करता येत नव्हतं."

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आल्यावर मी तिला म्हणालो, अगं, एकदा, फक्त एकदा नाव घेतलं असतंस. मी हे रागानं म्हणालो, कारण मला स्वतःचा राग आला होता आणि तो कुठंतरी ठेवायला हवा होता.

तिनं प्लास्टरखालची उशी सारखी केली.

"तुमचं नाव बँकेतला माणूस घेतो. विजेचं बिल घेतं. तो देवळातला स्पीकर घेतो. 'अहो' एवढंच एक माझं आहे. फरशीवर पडल्यावरसुद्धा मी ते सोडलं नाही, आणि आता त्या बोंडाएवढ्या यंत्रासाठी सोडू?" मग म्हणाली, "मी हाक बदलणार नाही. तुम्ही कान बदला."

म्हणून मी हेडफोन घ्यायला निघालो.

बोळे काढून ठेवले असते तर प्रश्न मिटला असता, असं कुणी म्हणेल. शैलजालाच ते मान्य नव्हतं. तुम्ही तासभर गाणं ऐकता तेवढाच वेळ घरात तुमची कटकट नसते, तो मी सोडणार नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे गाणंही ऐकू आलं पाहिजे आणि तीही. अशी वस्तू असते का, असं मी दुकानात विचारलं. असते, दुकानदार म्हणाला, तिला उघड्या पाठीचा हेडफोन म्हणतात. आणि आवाज खाली आणून म्हणाला, पण आता ठेवत नाही. स्टुडिओवाल्यांसाठी परदेशातून येतात, एकाच्या किमतीत दुभती म्हैस येईल. ऑनलाइन पाहिलं तर पडदाभर सूचना आली की आपल्या भागात शांततेमुळे ही वस्तू पोचवता येत नाही.

दुकानदारानंच मग सतारींच्या गल्लीचा पत्ता दिला. यासीनभाईंकडं जा, म्हणाला.

यासीनभाई तंबोरे करणारा माणूस, वय माझ्याएवढंच, दाढी पांढरी. तंबोरे कोण घेणार? शांत संस्थेत तंबोरा जुळवला तर चालतो, तो काही यंत्र नाही, पण ऐकायलाच कुणी नसेल तर जुळवायचा कुणासाठी. तेव्हा या गृहस्थानं वीणेचे लहान भोपळे अर्धे कापून, वाळवून, त्यात जुन्या मोडक्या हेडफोनांतले पडदे बसवायला सुरुवात केली होती. गाणं शिकणारी पोरं गुपचूप घेऊन जात. भोपळ्याच्या पाठीवर तो नक्षीची भोकं पाडायचा, कमळाच्या पाकळ्यांसारखी, आणि आतून मलमल लावायचा. डोक्यावरून जाणारी पट्टी वेताची. वायर होती, साधी, दोन हात लांब.

त्यानं मला एक उलटा करून दाखवला. पडदा पुढं ढकलतो तेवढाच मागंही ढकलतो, तो म्हणाला. पुढची हवा तुमच्या कानात जाते. मागच्या हवेचं काय करायचं? बंद डबीत कोंडली तर ती भिंतीवर आपटून परत येते आणि गाण्यात मिसळते, म्हणून त्या गाण्याला डोक्यात कोंडल्यासारखं वाटतं. पाठ उघडी ठेवा, मागची हवा निघून जाते. मग गाणं डोक्यात नाही, खोलीत बसल्यासारखं वाटतं.

"आणि तोटे?" मी विचारलं. एकतीस वर्षं प्रवाशांना गाडी उशिरा आहे हे सांगितलेला माणूस फायदे ऐकून समाधान मानत नाही.

"तोटे आहेत की, साहेब. ढोलाचा दणका कमी बसणार. शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू जाणार. गाडीत, बाजारात काही उपयोग नाही, कारण बाहेरचं सगळं आत येणार. दार उघडं ठेवलं तर वारा दोन्हीकडून जातो. एका बाजूचं दार अजून कुणी बनवलेलं नाही."

मी खिशात हात घातला. त्यानं थांबवलं. त्याच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकानं आधी हेडफोन घालायचा, गाणं लावायचं, भिंतीकडं तोंड करून बसायचं, आणि यासीनभाई मागं जाऊन त्याला हाक मारायचा. हाक ऐकू आली तरच पैसे.

"घरात काय म्हणतात तुम्हाला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो हसला नाही. मी घालून बसलो. बरोबर नेलेली वडिलांची एक टेप त्याच्या जुन्या डबड्यात लावली. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं. मग कपबशी वाजली. मग जागेवर एक तान आली, आणि माइकच्या अगदी जवळून, हळूच, दाद दिल्यासारखं, कुणीतरी 'हाय' म्हणालं. मला ओळखायला वेळ लागला. वडिलांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. बोळ्यांनी त्यांना खोकल्याबरोबर पुसून टाकलं होतं आणि मी त्याला स्वच्छ म्हणत होतो.

तेवढ्यात मागून नाजूक, ओढलेला आवाज आला. "अहो."

मी वळलो. समोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे जणही वळले. यासीनभाई दाढीवरून हात फिरवत उभा होता.

"आठशे," तो म्हणाला. मी सातशेला मागितला. तो म्हणाला, 'अहो' म्हणायला लावलंत साहेब, आठशेच. मी दिले.

घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. शैलजा पलंगावर, पाय उशीवर. गाणं चाललेलं. तिनं नेहमीसारखा पहिलं अक्षर गिळून आवाज दिला, आणि मी म्हणालो, "ओ." दोन मिनिटांनी पुन्हा हाक. "ओ." काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, काही नाही, बघत होते. त्या संध्याकाळी तिनं एकवीस वेळा बघितलं. मीही मोजत होतो.

आठव्या दिवशी जिन्यातला दिवा लाल झाला, तो राहिलाच. भोपळ्याच्या पाकळ्यांतून गळणारं गाणं माझ्या मते कुजबुजीएवढं होतं, पण दिव्याचं मत वेगळं होतं. मंडळाचं पत्र आलं की महिन्याअखेर गळती थांबली नाही तर जादा पाणी बंद. लगोलग सोसायटीची नोटीस, तीच कानांबद्दलची, आणि रविवारी दुपारी साडेतीनला पार्किंगमध्ये सभा.

शेजारी वाईट नव्हते. त्यांना पाणी हवं होतं. अध्यक्ष रत्नाकर हेरवाडकर, निवृत्त तहसीलदार, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पत्नी वारलेली, घरात चौऱ्याण्णव वर्षांची आई. सरळ माणूस. त्यांनी ठराव वाचला. सात नंबरनं आज संध्याकाळपर्यंत तो हेडफोन जमा करावा, अन्यथा सात नंबरचा नळ तोडण्यात येईल. मत मांडण्यास हरकत नाही, असंही ते म्हणाले.

मी उभा राहिलो आणि मत मांडलं. स्टुलाचं सांगितलं, एकशे बारा हाकांचं सांगितलं, वडिलांच्या त्या 'हाय'बद्दल तर मी फारच चांगलं बोललो. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, त्यामुळं कुणाचीच खिडकी उघडली नव्हती. ते सगळे भल्या चेहऱ्यानं माझं बोलणं संपायची वाट बघत होते. एकतीस वर्षांचा सराव असल्यामुळं मला फार वाईट वाटलं नाही.

तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि शैलजा आली. चाळीस दिवस झाले होते, प्लास्टर निघालं होतं, हातात काठी होती. मला म्हणाली, वर जाऊन शेगडी आणि ओट्यावरचा कुकर घेऊन या. मी दोन्ही आणलं. पाण्याच्या पंपाशेजारी प्लग आहे, तिथं तिनं विजेची शेगडी लावली, कुकर ठेवला आणि बाजूला खुर्ची ओढून बसली. सभेला वाटलं, खटावकरांकडून प्रसाद आहे.

कुकर तिनं आधीच तापवून ठेवला होता. चार मिनिटांत शिट्टी झाली. पार्किंगमधल्या सगळ्या माना एकदम शेगडीकडं वळल्या, कारण सगळ्यांच्या कानांत एकदम, त्याच दिशेला, वीस सेकंदांची खिडकी उघडली.

"तूरडाळ आहे, तीन शिट्ट्या लागतात," शैलजा म्हणाली. वर्गात बोलायची तसंच, आवाज न चढवता. "म्हणजे माझ्याकडं एक मिनिट आहे. मध्ये कुणी बोलायचं नाही. मी चाळीस दिवस पडून होते. माझ्या कानांत काही नव्हतं. या इमारतीत कोण कुणाला हाक मारतं, ते फक्त मला ऐकू येतं."

खिडकी मिटली. सगळे शिट्टीची वाट बघू लागले. मुळेबाई तर कुकरकडं टक लावून बसल्या होत्या. मला वाटतं, निनाद सोसायटीच्या इतिहासात कुणाच्या पुढच्या वाक्याची इतकी वाट पाहिली गेली नसेल. दुसरी शिट्टी झाली.

"माळी भाऊजी, तुमची नात तुम्हाला दत्तात्रय म्हणते. दुपारी ती माझ्या खिडकीखाली एकटी खेळते. बाहुल्याला टोपी घालते आणि त्याला आजोबा म्हणते. 'आजोबा, चला ना.' रोज म्हणते. तो बाहुला उत्तर देत नाही, पण निदान त्याच्या कानांत बोळे नाहीत."

माळ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तिसऱ्या शिट्टीला वेळ लागला. शैलजानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हेरवाडकरांकडं खुर्ची वळवली. शिट्टी झाली.

"हेरवाडकर भाऊजी, दिवाळीपासून आई बोलत नाहीत, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. आता चार वाजतील. ते काढा कानातलं. सगळेच काढा. एवढंच."

तिनं शेगडी बंद केली.

एखाद्या तहसीलदाराला सर्वांसमोर असं सांगितल्यावर तो काय करतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी आधी समोरचे कागद सारखे केले. मग उजव्या कानातला काढला, मग डाव्या. बाकीच्यांनीही काढले, काही जणांनी एकच. बराच वेळ काही झालं नाही. पंपाचा घरघराट, रस्त्यावरून गेलेली रिक्षा, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. लोक अवघडून एकमेकांकडं बघू लागले. हे सगळं इतके दिवस इथंच होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

मग पहिल्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून आवाज आला. बारीक, चिरका, पण सवयीचा. रोज याच वेळी मारून गुळगुळीत झालेली हाक.

"बाळू. ए बाळू. चहा झाला का रे?"

ओळखपत्रावर बाळू नव्हतं. हेरवाडकर सेवेत होते तेव्हा पाच तालुक्यांत कुणाला बाळू ठाऊक नव्हता. मुलगा समोर आला की ती म्हातारी गप्प असायची, जो कधी ओ देत नाही त्याच्याशी समोरासमोर काय बोलायचं. तो खोलीतून गेला की हाक मारायची.

"बाळू."

हेरवाडकर उठून उभे राहिले. ते मान वर करून, पार्किंगमधून, सर्वांसमोर म्हणाले, "ओ."

वरून म्हातारी म्हणाली, "कुठं उलथला होतास इतके दिवस?"

"आलो, आई," ते म्हणाले आणि सभा तशीच टाकून जिन्यानं गेले. लिफ्ट उभी होती, तरी जिन्यानं. जाताना कागद खाली पडले. ठराव माळ्यांनी उचलला, चार घड्या घातल्या आणि शेगडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.

सगळे एका दुपारी बदलले, असं मी म्हणणार नाही. मुळ्यांकडं अजून बोळे आहेत, आणि बाई अजून 'अविनाश' म्हणतात. मला वाटतं, त्यांना ते मनापासून आवडतं, आणि मग त्यात वाईट काही नाही. उरलेल्या आठ घरांनी मंडळाला एक पत्र पाठवलं. मजकूर हेरवाडकरांचा, एका वाक्याचा, सरकारी भाषेत इतकं उद्धट वाक्य मी आजवर वाचलेलं नाही. 'आपले जादा पाणी आपणांस परत करण्यात येत आहे.'

जादा पाणी दुसऱ्याच दिवशी गेलं. आता सकाळी एक तास लवकर उठून पिंपं भरावी लागतात. जिन्यातला दिवा कायमचा लाल आहे. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना तो आवडतो, देवाजवळच्या दिव्यासारखा दिसतो म्हणतात. 'शांत संस्था' ही पाटी मात्र वाया गेली नाही. तिचं माप आमच्या पार्किंगमधल्या मोठ्या पिंपाला बरोबर बसतं. झाकण म्हणून चांगली आहे, डास जात नाहीत.

हेडफोन मी रोज वापरतो. रोजच्या ऐकण्याला उत्तम आहे. ढोलाचा दणका खरंच कमी बसतो. वेताची पट्टी पहिले चार दिवस कानामागं टोचते. शैलजा हाक मारते आणि मी ओ देतो, आणि पूर्वी यंत्रावर ढकलून देता यायचं ते 'ऐकू आलं नाही' आता म्हणता येत नाही. दळण आणायला जावंच लागतं. एवढा एक तोटा सोडला तर आठशे रुपयांत वाईट वस्तू नाही.

कुणाला घ्यायचा असेल तर सतारींच्या गल्लीत शेवटचं दुकान. फक्त जाताना घरात आपल्याला काय म्हणतात ते आठवून जा. यासीनभाई विचारतो, आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो. हेरवाडकर गेले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, आणि मग इकडंतिकडं बघायचं सोडून दिलं. छाती पुढं काढून, तहसील कचेरीत साक्षीदाराचं नाव पुकारतात तसं, त्यांनी मोठ्यानं सांगितलं.